परकारचाचांचा खब्बाब

परकारचाचांना रडायचं असलं की ते आधी चष्मा काढत, त्याच्या काड्या नीट मिटत, तो केसमध्ये ठेवत आणि केस शर्टाच्या खिशात सरकवत. मग रडत. इतक्या शिस्तीत रडणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. शुक्रवारी दुपारची जेवणं आटोपली की आमच्या कॅम्पच्या मेसमध्ये हातांची एकच खुर्ची होती ती ते पंख्याखाली ओढून घेत आणि हजरत खब्बाब यांची गोष्ट सांगायला बसत. चष्मा खिशात गेला की नवख्या माणसालाही कळे, आता निखारे येणार.

गोष्ट त्यांची नव्हती आणि खोटीही नव्हती. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर माझा राग भलतीकडेच गेला असं कुणाला वाटेल. हजरत खब्बाब हे मक्केत तलवारी घडवणारे लोहार. लहानपणी पकडून आणलेले, बाजारात विकले गेलेले, म्हणजे गुलाम. त्या शहरात पाठीशी उभं राहील असा ना कबिला, ना नातलग. इस्लाम मूठभर लोकांपुरता होता तेव्हा त्या मूठभरांत ते होते, आणि ही गोष्ट त्यांनी लपवली नाही. मालकिणीने तापलेलं लोखंड त्यांच्या डोक्याला लावलं. मक्केतल्या बलाढ्य कुरैश टोळीच्या लोकांनी त्यांना पेटत्या निखाऱ्यांवर उताणं पाडलं, आणि पाठीची चरबी वितळून ते निखारे विझले. तरी त्यांनी शब्द फिरवला नाही. पुढे बऱ्याच वर्षांनी खलिफा हजरत उमर यांनी त्या दिवसांबद्दल विचारलं, तेव्हा ते फार बोलले नाहीत. पाठ उघडी करून दाखवली.

ही गोष्ट मी आईकडून ऐकलेली. आई ती भाकऱ्या थापता थापता सांगायची, आणि तिचा आवाज कधी चढला नाही. परकारचाचा मात्र निखाऱ्यांपाशी आले की आवाज असा काही खाली आणत की मेसमधला फ्रीज ऐकू यायला लागे. मग स्वतःची बाही वर करून मनगटावरचा एक डाग दाखवत. कधीकाळी वेल्डिंगची ठिणगी उडालेली, मसुराच्या डाळीएवढी खूण. "आपणपन लोहारच," ते म्हणत. "लोहाराला आगीचं भ्या नाय." पोरं तो डाग वाकून बघत. मीही एकदा वाकून बघितला होता. मला चष्म्याशिवाय तो दिसला असता की नाही शंका आहे.

आमचं यार्ड बहारीनमध्ये, मआमीरच्या अंगाला, सित्राच्या कारखान्यांना लागून. टाक्या, जिने, पाइपांचे सांगाडे असं सगळं तिथे बनायचं. चाचा श्रीवर्धनकडचे, यार्डाचे फोरमन. जन्म बहारीनमध्येच गेला म्हणायला हरकत नाही. मी महाड तालुक्यातला, तिथे टाइमकीपर. कंपनीची कागदपत्रं घेऊन सरकारी कचेऱ्यांत जाणाऱ्या माणसाबरोबर गाडीतून हिंडून हिंडून मला अरबी बऱ्यापैकी यायला लागली होती, त्यामुळे ऑफिसात कुणी अरबी पाहुणा आला की माझं नाव पुकारलं जायचं. चाचा मला "रफिक बाळा" म्हणत. मला तिशी उलटून गेली होती, पण ते असो.

चाचांची दोन वाक्यं सगळ्या कॅम्पात प्रसिद्ध होती. एक, "माणसानं ताठ ऱ्हावं. वाकायचं तं फक्त सजद्यात," म्हणजे नमाजात कपाळ टेकताना. दुसरं, कुणी अडचण घेऊन आला की, "मफी मुश्किल, मी बसलोय ना." मफी मुश्किल म्हणजे काही अडचण नाही. यातलं दुसरं वाक्य त्यांनी आयुष्यभर पाळलं. ते बसूनच राहिले. कुणाची रजा नामंजूर होवो, कुणाची व्हिसाची मुदत टळो, चाचा आपले बसलेले.

ऐन उन्हाळ्यात एकदा कॅम्पच्या एका अख्ख्या रांगेचे एसी बंद पडले. माणसं अंथरुणं भिजवून त्यावर झोपायची. शेवटी सगळ्यांनी ठरवलं की मॅनेजरकडे जायचं आणि चाचांनी बोलायचं. चाचा पुढे निघाले, तेही छाती काढून. वाटेत मला म्हणाले, "आज बघ, कसा सुनावतो." केबिनचं दार उघडलं, आतला गार वारा अंगावर आला, मॅनेजरने मान वर करून "क्या हुआ परकार?" एवढंच विचारलं. चाचा म्हणाले, "कुछ नहीं साब, बच्चे लोग सलाम करने आए हैं." आमच्याकडे वळून त्यांनी डोळ्यांनी खूण केली, आणि आम्ही दहाबारा घामाने निथळणारे पुरुष त्या माणसाला सलाम करून बाहेर आलो. बाहेर आल्यावर म्हणाले, "मूड चांगला नव्हता साहेबांचा. योग्य वेळ बघून बोलतो, इंशाल्ला." ती योग्य वेळ थंडी पडेपर्यंत काही आली नाही.

त्याच मॅनेजरच्या बुदैयातल्या व्हिलाचं लोखंडी गेट चाचांनी सुट्टीच्या दिवशी दोन वेल्डर नेऊन फुकटात बनवून दिलं. गेटवर द्राक्षांचे वेल आणि पानं. साहेबांच्या बायकोला पानं जरा जाड वाटली, म्हणून पुढच्या शुक्रवारी पुन्हा गेले. वेल्डर बिचारे आपली झोप घालवून पानं घासत बसले. त्या शुक्रवारी मेसमध्ये गोष्ट झाली नाही, त्यामुळे मला तरी तो दिवस बरा गेला.

हजरत खब्बाब यांच्या गोष्टीला एक शेवट आहे, तो चाचांनी कधी सांगितला नाही. पुढे चांगले दिवस आले, घरात पैसा आला, आणि शेवटच्या आजारपणात हा माणूस त्या पैशाकडे बघून रडला. जे साथीदार आधीच गेले त्यांना यातलं काहीच मिळालं नाही, आणि आपल्या कष्टांचं फळ आपल्याला इथेच तर मिळून गेलं नाही ना, ही त्यांची भीती. निखाऱ्यांपेक्षा मला हे जास्त अवघड वाटतं. मी एकदा चाचांना विचारलं, तुम्ही हे का नाही सांगत? ते म्हणाले, "जेवनानंतर लोकांना येवढं जड सोसत नाय."

आता सुनीलबद्दल सांगायला हवं. सुनील माणगावकडचा, आयटीआय केलेला, यार्डातला सगळ्यांत साफ हाताचा वेल्डर. बौद्ध घरातला. खोलीत त्याच्या पलंगाशी बाबासाहेबांचा फोटो होता, आणि त्याच्या शेजारी मुलीचा. शुक्रवारची गोष्ट तो कधी चुकवायचा नाही. आम्ही मुसलमान पोरं भिंतीला टेकून डुलक्या काढायचो आणि हा पुढे सरसावून बसायचा. एकदा गोष्ट संपल्यावर म्हणाला, "चाचा, हा मानूस आपला वाटतो. गुलाम होता, तरी मालकाला नाय म्हनाला." चाचांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. त्या हाताचा मला तेव्हाही वैताग आला होता. सुनीलला मात्र बरं वाटलं, आणि तो चाचांना मानायला लागला. सगळा घोळ तिथून सुरू झाला.

उन्हाळ्यात दुपारी उघड्यावर काम करायला इथे सरकारी बंदी असते. बारा वाजले की हत्यारं खाली ठेवायची आणि सावलीत जायचं. आमच्याकडे त्या वेळात पोर्टाकेबिनमध्ये चटया अंथरून जोहरची, म्हणजे दुपारची, नमाज व्हायची, मग जेवण. नमाज चाचाच पढवायचे, ओळीच्या पुढे उभं राहून. तो मान त्यांनी कधी कुणाला दिला नाही, ताप असला तरी उठून यायचे.

त्या उन्हाळ्यात एका टाकीचं काम मागे पडलं होतं आणि मॅनेजर रोज येऊन ओरडत होता. चाचांनी युक्ती काढली. टाकीवर निळी ताडपत्री बांधायची. वर छप्पर आलं, म्हणजे ते उघड्यावरचं काम राहिलं नाही, ते वर्कशॉप झालं. ताडपत्रीखाली वारा सुद्धा येत नसे, त्यामुळे उघड्यावरचं ऊन परवडलं असतं. पण कागदोपत्री सावली होती. आता तिथे दुपारी कामाला कोण राहणार? आम्ही बहुतेक जण नमाजला जाणार. चाचा सुनीलला म्हणाले, "तुला नमाज नाय. तू चालू ठेव. मी हाय बाजूला, मफी मुश्किल." आणि मॅनेजर फेरी मारायला यायचा होता म्हणून ते खरोखरच त्या दिवशी बाजूला थांबले. मला निरोप आला, आज तू पढव. मी चकित झालो, पण पढवली.

नमाजच्या शेवटचा सलाम फेरून आम्ही उठतोय तोच बाहेर आरडाओरडा झाला. सुनील भोवळ येऊन पडला होता, आणि पडला तो आत्ताच जोड दिलेल्या तापलेल्या पत्र्यावर. कुणाच्या लक्षात येऊन त्याला ओढून काढेपर्यंत शर्ट पाठीला चिकटला होता. चाचा दोन हात लांब उभे होते आणि "यल्ला, गाडी आना, गाडी आना" म्हणत होते. मॅनेजर फेरीला आलाच नाही.

सुनील हॉस्पिटलात असतानाच ऑफिसने गोष्ट तयार केली. सुट्टीच्या वेळात कामगार कुणाला न विचारता स्वतःहून कामावर गेला, नियम मोडला, इजा झाली. असं ठरलं की कंपनीची जबाबदारी नाही. उपचाराचा खर्च त्याचा, व्हिसा कॅन्सल, आणि तिकीट काढून माणगाव. पाठ भाजलेल्या वेल्डरला गावी कोण काम देणार होतं? मला त्याची मुलगी त्या फोटोतूनच माहीत, पण त्या दिवसांत तीच सारखी डोळ्यांसमोर येत होती. सगळं चाचांच्या एका वाक्यावर होतं. यार्डाचा फोरमन म्हणाला की मी कामाला लावलं, की सुनील वाचला. मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा म्हणाले, "मी बसलोय ना." मला समजायला हवं होतं.

चौकशीला कामगार खात्याचा इन्स्पेक्टर आला. बहारीनी माणूस, पांढराशुभ्र पायघोळ थोब, आवाज हळू. दुभाष्या म्हणून मला बसवलं. सुनीलला हॉस्पिटलातून आणलं होतं. तो खुर्चीच्या कडेवर बसला, पाठ टेकवता येत नव्हती. इन्स्पेक्टरने त्याला आधी विचारलं. सुनील माझ्याकडे बघून सरळ म्हणाला, "चाचांनी सांगितलं म्हनून मी थांबलो. ताडपत्री लावलीय, हे वर्कशॉपच हाय असं म्हनाले. तुला नमाज नाय, तू चालू ठेव म्हनाले. चाचांना विचारा, ते खोटं नाय बोलनार." मी सगळं अरबीत सांगितलं. शेवटचं वाक्यही सांगितलं.

इन्स्पेक्टर चाचांकडे वळला. मॅनेजर टेबलावरच्या पेनाशी खेळत होता. चाचांनी चष्मा नाकावर नीट बसवला आणि मला म्हणाले, "त्यांना सांग रफिक, मी त्या टायमाला नमाज पढवत होतो. मला काय ठावं नाय."

माणूस भितो, हे मी समजू शकतो. मीही भितो. नोकरीला, कर्जाला, गावाकडच्या फोनला सगळेच भितात. पण लपायला जागा शोधताना या माणसाला नमाजच सापडली. आणि तीही आमची, त्या केबिनमधली, जिथे ओळीतल्या प्रत्येकाला माहीत होतं की पुढे कोण उभं होतं. असली चूक फक्त तोच माणूस करू शकतो ज्याला खात्री असते की आपल्या खोट्याला सगळे मिळून मान डोलावतील. आणि ते खोटं अरबीत नेऊन पोचवायचं काम माझं.

मी ते पोचवलं. शब्दाला शब्द. मग न थांबता पुढे म्हणालो की हे खोटं आहे, त्या दिवशी नमाज मी पढवली, ओळीतल्या कुणालाही बोलवा. यात माझं धैर्य वगैरे काही नव्हतं. मला त्या माणसाची इतकी किळस आली होती की तोंड बंद ठेवणं जमलं नाही. धैर्य सुनीलचं, पाठ सोललेली असताना त्याने सगळ्यांत आधी खरं सांगितलं होतं.

इन्स्पेक्टरने माणसं बोलावली. एकेक जण आला, चाचांकडे न बघता म्हणाला, रफिकने पढवली. कंपनीला दंड झाला, उपचाराचा खर्च कंपनीवर आला, सुनीलचा व्हिसा राहिला. पुढे तो दुसऱ्या कंपनीत लागला आणि आता सुपरवायझर आहे. माझा करार त्यांनी वाढवला नाही, तेव्हा मी बुसैतीनमध्ये एका एसीच्या दुकानात हिशेब बघायला लागलो. तिथे निदान एसी चालू होते.

यार्ड सोडायच्या आधी चाचांनी मला गोदामामागे गाठलं. "तू मला चारचौघांत खोटा पाडलास," ते म्हणाले. मी म्हटलं, तुम्ही पडलेलेच होतात. तेव्हा त्यांचा आवाज एकदम बदलला. "तुला बोलायला काय जातंय? खब्बाबांच्या मागं अल्लाहचे रसूल, पैगंबर होते. माझ्या मागं तीन मुली हायेत. नोकरी गेली तं त्यांची लग्नं तू करनार?"

क्षणभर मला त्यांची दया आली, हे खोटं कशाला बोलू. त्या मुली खऱ्या होत्या. पण सुनीलची मुलगीही खरी होती, आणि तिचा बाप यांनी डोक्यावर हात ठेवून ताडपत्रीखाली उभा केला होता. मी म्हटलं, "चाचा, खब्बाबांना सोडवायला त्या शहरात कुणीच नव्हतं. तीच तर गोष्ट आहे. तुम्ही इतकी वर्षं सांगताय, ऐकली नाहीत का कधी?" ते गोदामाला वळसा घालून निघून गेले.

त्यानंतरच्या शुक्रवारी त्यांनी पुन्हा खुर्ची ओढली, असं मला पोरांनी सांगितलं. तेवढा निगरगट्टपणा त्यांच्यात होता. सुरुवात केली आणि माणसं ताटं उचलून धुवायला गेली. भांडण नाही, टोमणा नाही. चाचांनी थोडा वेळ वाट पाहिली आणि खुर्ची जागेवर ठेवली. काही वर्षांनी त्यांचं वय झालं आणि ते कायमचे श्रीवर्धनला गेले.

मागच्या महिन्यात ते वारले. आमच्या जुन्या यार्डाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बातमी आली, आणि ज्यांनी त्यांच्या तोंडावर ताटं उचलली होती तेच लिहायला लागले, नेक इन्सान, आमचा आधार गेला, ताठ कण्याचा माणूस. मेलेल्याबद्दल चांगलं बोलावं, हे मलाही शिकवलेलं आहे. मी दुआ केली. लिहिलं काही नाही.

चार दिवसांनी दुपारी दुकानात फोन आला. चाचांची थोरली मुलगी शबाना, तिकडे शाळेत शिकवते. नंबर ग्रुपवरून घेतला म्हणाली. मी सांत्वनाचं जे बोलायचं ते बोललो. मग ती म्हणाली, "रफिकमामू, एक विचारायचं होतं. अब्बा ती सुनीलकाकांची गोष्ट आम्हाला नेहमी सांगायचे. ऑफिसात सगळे गप्प बसले होते, मॅनेजर डोळे वटारत होता, आणि अब्बा उठून उभे राहिले. म्हणाले, साहेब, पोराला कामाला मी लावलं. तो माझ्या शब्दावर थांबला. काय शिक्षा द्यायची ती मला द्या."

त्या खोलीत काय बोलायला हवं होतं, ते या माणसाला शब्द न् शब्द माहीत होतं. इतकी वर्षं मी समजत होतो की त्यांना ते सुचलंच नाही.

"तुम्ही होतात ना तिथे?" ती म्हणाली. "अब्बांनी तुमचं नाव घेतलं होतं. मुलगा आता विचारण्याच्या वयाचा झालाय, नाना कसे होते म्हणून. त्याला ही गोष्ट सांगायचीय. म्हटलं आधी तुम्हाला विचारावं. अब्बा खरंच असं बोलले?"

"तुझे अब्बा गोष्ट फार छान सांगायचे, बेटा," मी म्हणालो.

पलीकडे शाळेच्या मैदानावरची पोरं ऐकू येत होती.

"म्हणजे बोलले नाहीत."

"नाही."

"मग मुलाला ही गोष्ट नाही सांगत," ती म्हणाली, आणि मला दुकान कसं चाललंय ते विचारायला लागली.